ठकू घरी आहे

"ठकू, चपला आत घे. बाहेर राहिल्या की कुत्रं पळवतं," आतून आवाज आला.

दारात उभ्या असलेल्या बाईच्या हातात दैनिकाचं ओळखपत्र होतं. जिन्यावर दम खाताना तिनं ते पर्समधून काढून ठेवलं होतं. बोलायचं वाक्यही मनात जुळवलं होतं. पण दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिवणयंत्राची घरघर चालू होती आणि यंत्रावर वाकलेली म्हातारी मान वर न करता पुन्हा म्हणाली, "ऐकतेस ना? आणि दार लाव, वारा येतो."

तिनं चपला उचलून आत ठेवल्या आणि दार लावलं. ओळखपत्र पर्समध्ये कधी परत गेलं, हे तिचं तिलाही कळलं नाही.

त्या घरातली मुलगी नाहीशी होऊन काही आठवडे लोटले होते. कापड रंगवायच्या कारखान्यात ती घड्या घालायचं काम करायची. संध्याकाळची पाळी संपवून ती फाटकाबाहेर पडताना आपण पाहिली, असं पहारेकऱ्यानं सांगितलं होतं. मुकादम त्याच्याही पुढं गेला होता. कुणाचा तरी हात धरून गेली असेल, आजकाल मुलींचं काय सांगावं, असं तो म्हणाला होता. एका पेपरनं तेच छापलं आणि वर आईच्या तोंडी 'आम्हाला थोडी कल्पना होती' असं एक वाक्य घातलं. आईनं असलं काही उच्चारलंही नव्हतं. तेव्हापासून पेपरवाला दिसला की म्हातारी दार आपटून लावून घेई. शहरातले सगळे बातमीदार त्या जिन्यावरून हात हलवत परतले होते.

हिला मात्र चहा मिळाला.

दैनिकाच्या कचेरीत हिला सगळे 'पाणीवाली' म्हणत. कुठल्या भागात पाणी कधी येणार, कुठं नळ फुटला, कुठल्या रस्त्यावर खड्डा खणलाय, हे आतल्या पानावर छापायचं काम बरीच वर्षं तिच्याकडं होतं. नावानिशी बातमी अशी तिची कधी आलीच नाही. चाळिशीला टेकलेली, एकटी, कपडे धुण्याच्या दुकानावरच्या एका खोलीत राहणारी. आई लहानपणीच गेलेली, पुढचं सगळं वसतिगृहात झालं. उशीर का झाला, जेवलीस का, असं विचारणारं माणूस तिच्या आयुष्यात आलंच नव्हतं, आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. तक्रार करायला आधी त्याची सवय असावी लागते.

"केवढा उशीर," म्हातारी म्हणाली. तिनं आता मान वर केली होती. तिच्या डोळ्यांत जाळं नव्हतं, नजर ढळलेली नव्हती. स्वच्छ, थकलेले डोळे. त्यांनी समोरच्या बाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांत शंकेचं नखही दिसलं नाही. "तोंड बघ कसं सुकलंय. बस. चहा टाकते."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाप बसला होता. बसचा कंडक्टर होता तो, निवृत्त झालेला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं, आणि पुन्हा आपल्या हातांकडं पाहत राहिला.

ती निघाली तेव्हा तो मागोमाग जिना उतरून आला. खालच्या दिव्याखाली थांबून त्यानं हात जोडले.

"तुम्ही पेपरच्या ना? पर्समधलं कार्ड पाहिलं मी."

"हो. मी सांगणारच होते, पण..."

"राहू द्या." त्याचा आवाज आयुष्यभर ओरडून घोगरा झालेला होता. "आज जेवली ती. तुम्ही चहा घेत होतात तेव्हा ताट घेऊन बसली. कित्येक दिवसांनी." तो थोडा घुटमळला. "तुम्हाला सवड असेल तर... पुन्हा या."

संपादकांना तिनं अर्धंच सांगितलं. घरात जाता आलं, आई बोलतेय, एवढंच. संपादक खुर्चीतून जवळजवळ उठले.

"बोलतेय? तुझ्याशी?" पाणीवालीकडून असली बातमी यावी याचं त्यांना नवलही वाटलं आणि थोडं हसूही आलं. "अगं, मोठमोठे लोक दारातून परत आले! काय जादू केलीस?"

"काही नाही. बसले नुसती."

"मग बसत राहा. आत शिरलीयेस, आता बाहेर येऊ नकोस."

कसं शिरलीस, हे त्यांनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. दोघांचंही त्यात भलं होतं.

मग ती जातच राहिली. काम आटोपलं की संध्याकाळी बसमधून उतरायचं, जिना चढायचा, दार लोटायचं. पहिल्या एक-दोन खेपांना तिनं तोंड उघडायचा प्रयत्न केलाही. "तुम्हाला एक सांगायचंय," असं ती म्हणाली, तर म्हातारी हसली. "तुम्हाला काय गं? आईला कधीपासून अहो-जाहो करायला लागलीस?" त्यावर काय बोलणार? खोटं असं तिनं काही सांगितलंच नव्हतं. खरं तेवढं सांगायचं राहिलं होतं, आणि रोज आणखी थोडं राहत होतं.

घराची तिला सवय होत गेली. आतल्या खोलीत ठकूची खाट होती, वर चादर ताठ ओढलेली, उशाशी केसांच्या पिना एका बशीत. त्या खोलीचा दिवा दाराच्या मागं होता, विचित्र जागी. नव्या माणसाला तो सापडत नसे. एकदा म्हातारीनं आतून सुई आणायला सांगितली. ती अंधारात शिरली आणि तिचा हात न चाचपता सरळ दिव्याच्या बटणावर गेला. उजेड पडला. हे बटण तिला कुणी दाखवलं होतं, ते तिला आठवेना.

आणि तो कोट. गडद निळा, मोठ्या गुंड्यांचा. म्हातारी लोकांचे कपडे दुरुस्त करून देई, उंची कमी कर, चेन बदल, असली कामं. कोट तिच्या यंत्राशेजारी कायम टांगलेला असे. एके संध्याकाळी तिनं तो काढून पुढं धरला.

"घाल. अस्तर शिवून झालं."

पाणीवाली ठकूपेक्षा उंच होती, खांद्यांत रुंद होती. पेपरात आलेल्या फोटोवरूनही ते दिसत होतं. तिनं कचरतच बाह्या चढवल्या. कोट अंगावर तंतोतंत बसला. माप तर कुणीच घेतलं नव्हतं. म्हातारी मागं सरून पाहत राहिली, मग पुढं येऊन तिनं गळ्याशी वरची गुंडी लावली.

"त्या दिवशी असाच माझ्याकडं राहिला," ती म्हणाली. "अस्तर फाटलं होतं म्हणून. आणि तू एवढ्या थंडीत तशीच गेलीस."

हीच वेळ होती. बातमीदाराला अशी वेळ ओळखू येते, मग तो पाण्याच्या बातम्या का देत असेना. पाणीवालीच्या पर्समधला रेकॉर्डर तिनं जिन्यातच चालू करून ठेवला होता.

"आई," ती म्हणाली. हा शब्द काढताना जीभ अडखळेल असं तिला वाटलं होतं. अडखळली नाही. "मी निघताना काय म्हणाले होते त्या दिवशी?"

"विसरलीस?"

"तू सांग ना."

"जायचं नाही म्हणत होतीस. पत्रा हलतो म्हणत होतीस."

"कुठला पत्रा?"

"अगं, तूच तर कटकट करायचीस! तो सांडपाण्याच्या टाकीवरचा. बायकांच्या संडासाला जायला त्या टाकीवरून पत्रा टाकलाय, तो सडलाय, पाय दिला की खाली दबतो. मुकादमाला सांगितलंस तर म्हणाला, जरा बारीक हो. आणि त्या बाजूला दिवाही नाही म्हणालीस."

खुर्चीतल्या बापानं डोळे मिटून घेतले.

"मग तू काय म्हणालीस मला?" पाणीवालीनं विचारलं. हे विचारायची गरज नव्हती. बातमीपुरतं सगळं मिळालं होतं. पण ते तिच्या तोंडून निघून गेलं.

म्हातारीचे हात गुंडीवरच थांबले. "मी म्हटलं, नाटकं करू नकोस, जा." मग तिनं कोटाची कॉलर नीट केली. "पण आलीस ना तू."

"आले," पाणीवाली म्हणाली.

बाहेर अंधारून येत होतं. म्हातारीनं पडदा ओढायला सांगितला. ती कोट घालूनच खिडकीशी गेली, खालच्या रस्त्याकडं क्षणभर पाहिलं, आणि पडदा ओढून घेतला. पुढं रोज संध्याकाळी तो कोट घालून पडदा ओढणं तिचंच काम झालं.

बातमी पहिल्या पानावर आली, नावानिशी. सडलेला पत्रा, दिवा नसलेली वाट, हसणारा मुकादम, सगळं त्यात होतं. 'मुलीनं घरच्यांना वारंवार सांगितलं होतं' असं वाक्य होतं. घरच्यांनी ते कुणाला सांगितलं, याचा उल्लेख नव्हता. कारखान्यातल्या दोन बायकांनी दबत दबत दुजोरा दिला, पहारेकरी जबाब फिरवू लागला, आणि फौजदारांनी टाकी उपसायचा हुकूम मिळवला. कचेरीत पाणीवालीच्या टेबलाशी लोक येऊन बोलून जात. संपादकांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. रात्री खोलीवर गेल्यावर तिनं तो अंक उलगडला, स्वतःचं नाव वाचलं, आणि ते दुसऱ्याच कुणाचं असावं तसं तिला वाटलं.

त्या घरात पेपर येत नसे. बापानं तो कोपऱ्यावर वाचला असावा. त्या आठवड्यात तो पुन्हा जिना उतरून आला. म्हातारी वर होती, ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी दिव्याखाली थांबून तो म्हणाला, "सांभाळून जा हं. आणि उद्या लवकर ये, ठकू."

तिला वाटलं, त्याची जीभ घसरली. ती त्याच्याकडं पाहत राहिली. त्याची काही घसरली नव्हती. तो वर गेला, आणि जाताना जिन्यातला दिवा तिच्यासाठी चालूच ठेवून गेला.

टाकी कधी उपसणार हे विचारायला ती चौकीवर गेली, तर फौजदारांनी फाइल बाजूला सारली.

"नाही उपसत आता. मुलगी सापडली."

तिचा जीव भांड्यात पडला. खरोखर पडला. आपली बातमी खोटी ठरली याचंही तिला काही वाटलं नाही. "कुठं सापडली? बरी आहे ना?"

"घरीच आहे. आमचा हवालदार आईबापांच्या सह्या घ्यायला गेला, तर आई म्हणाली, ठकू आलीय परत, कशाला उगाच लोकांची टाकी उपसता. तसा जबाब दिलाय, अंगठा नाही, चक्क सही केलीय." फौजदार जांभई देत म्हणाले. "म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलं असेल. म्हणून त्याला संध्याकाळी पुन्हा पाठवला, गुपचूप बघून ये म्हटलं. त्यानं डोळ्यांनी पाहिली. खिडकीत उभी होती, पडदा ओढत होती. निळा कोट होता अंगात."

चौकीतला पंखा फिरत होता. तिला त्याचं एकेक पातं वेगळं दिसायला लागलं.

"आणि वडील?" तिनं विचारलं. "ते काय म्हणाले?"

"तो बसला होता तिथंच. काही बोलला नाही."

ती बाहेर पायरीवर येऊन बसली. ज्या मुलीला शोधायचं, तिला पोलिसांनी पाहिलं होतं. पाहणारा खोटं बोलत नव्हता, आईही खोटं बोलत नव्हती. आणि ती मुलगी तिकडं पत्र्याखाली होती. तिच्यासाठी आता कुणी टाकीत उतरणार नव्हतं, कारण तिच्या जागी दुसरी कुणी जाऊन बसली होती, तिचा चहा पीत होती, तिच्या खिडकीचा पडदा ओढत होती.

संपादकांनी दार लावून घेतलं आणि सगळं ऐकलं. ऐकताना त्यांचा चहा गार झाला.

"तू छापलंस त्यातलं खोटं काय आहे?" शेवटी ते म्हणाले. "एक शब्द तरी?"

"शब्द सगळे खरे आहेत."

"मग?"

"ते मला सांगितलेले नव्हते, साहेब. तिनं ते मुलीला सांगितलं."

"हे बघ, तू आज तोंड उघडलंस तर उद्या कारखान्याचा वकील काय म्हणेल? बातमीदार बाई मेलेल्या पोरीचं सोंग घेऊन घरात शिरली. मग पत्राही खोटा, टाकीही खोटी, त्या दोन बायका पण खोट्या. सगळ्या बातमीवर पाणी पडेल." ते टेबलावर पुढं वाकले. आवाज खाली आणून, जवळजवळ मायेनं म्हणाले, "साधी गोष्ट आहे. तू जायचं बंद कर. काही दिवसांनी आई स्वतःच ओरडेल, ठकू पुन्हा गेली म्हणून. पोलिसांना पुन्हा शोधावंच लागेल. कुणाचंच काही बिघडत नाही."

तिनं ते मनात करून पाहिलं. संध्याकाळ होईल. यंत्र थांबेल. म्हातारी दाराकडं पाहील. दुसऱ्या संध्याकाळीही पाहील. एक मुलगी तिनं गमावली होती. तीच तिला आणखी एकदा गमवायला लावायची.

"नाही जमणार मला," ती म्हणाली.

"मग पेपरच्या नावानं काही बोलू नकोस," संपादक म्हणाले, आणि त्यांनी दार उघडलं.

त्या दिवशी ती उजेडीच गेली. ओळखपत्र गळ्यात घातलं होतं. दार नेहमीसारखं लोटलेलं होतं, तरी ती बाहेर उभी राहिली आणि कडी वाजवली. चपला बाहेरच काढल्या.

यंत्र थांबलं. म्हातारी दाराशी आली. तिनं ओळखपत्राकडं पाहिलं, मग तोंडाकडं. तेच स्वच्छ डोळे. पण त्यांत ओळखीची खूणही नव्हती.

"कोण हवंय?"

"मी..." तिनं ओळखपत्र हातात धरलं. "मी पेपरची बातमीदार आहे. मी ठकू नाही. रोज यायची ती मीच, पण मी ठकू नाही. मला माफ करा."

"आम्ही पेपरवाल्यांशी बोलत नाही," म्हातारी शांतपणे म्हणाली. "आणि आमची ठकू आली परत. आत्ता बाहेर गेलीय. संध्याकाळी येईल, काय विचारायचं ते तिलाच विचारा."

"आई, माझ्याकडं बघा ना..."

"आई म्हणू नका." आवाज चढला नव्हता. परक्या बाईनं आपल्या भांड्याला हात लावावा आणि आपण ते अलगद काढून घ्यावं, तसं ती म्हणाली. "लांबून आलात का? पाणी देऊ? बसायचं तर बसा, पण ती यायला वेळ आहे."

दाराच्या फटीतून आतला कोट दिसत होता. त्याच्या खालच्या काठाला टाचण्या लावलेल्या होत्या. पाणीवालीला वाटलं, आपण ओळखपत्र काढून टाकलं, खाली जाऊन परत जिना चढून आलो आणि दार लोटलं, तर ही म्हातारी म्हणेल, ठकू, चपला आत घे. तेवढंच करायचं होतं. तिच्या पायांना ते करावंसंही वाटत होतं, याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

ती जिना उतरली. खाली बाप उभा होता. बहुधा त्यानं सगळं ऐकलं होतं.

"हवालदार आला तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?" तिनं विचारलं. "तुम्हाला तर माहीत होतं."

"माहीत होतं म्हणूनच." तो भिंतीला टेकला. "टाकी उपसली तर काय निघणार, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे हो. पत्र्याचं मलाही सांगायची ती. मी म्हणायचो, मुकादमाशी बोलेन. बोललो नाही." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आणि तुम्ही यायला लागलात. वर भांड्यांचा आवाज व्हायचा, बोलणं व्हायचं. मला वाटलं, चालतंय ते चालू दे. तुम्हाला बातमी हवी होती, तिला पोर हवी होती. आणि मला... मलाही एक दिवस खरंच वाटलं, ठकू आलीय. देवाशपथ."

"मी आता येणार नाही," ती म्हणाली. "उद्या चौकीवर जाऊन सांगणार आहे, खिडकीत दिसली ती मी होते म्हणून. पण एकट्या माझ्या सांगण्यानं काही व्हायचं नाही. मी खोटारडी ठरेन, आणि ठरायलाच हवी. तुम्ही आलात तरच..."

"अजिबात येणार नाही? एखादे दिवशीसुद्धा?"

"नाही."

त्यानं मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ हो होता की नाही, ते कळलं नाही. तो रेलिंग धरून वर चढू लागला, आणि मध्येच थांबून, मागं न वळता, त्यानं विचारलं, "मग आज संध्याकाळी काय सांगू मी तिला?"

ती रस्त्याकडं वळली.

दुसऱ्या दिवशी ती चौकीवर पोचली तेव्हा तो आधीच बाकावर बसला होता, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. आधी त्यानं जबाब दिला, मग तिनं. फौजदारांनी तिला जे सुनावायचं ते सुनावलं आणि तिनं ते ऐकून घेतलं. संपादकांनी तिला कामावरून कमी केलं, पण खुलासा छापणं भागच होतं. तो तिनंच लिहून दिला: बातमीदारानं आपली ओळख लपवून एका दुःखी आईकडून माहिती काढली, तिचा विश्वास आणि पोलिसांचा तपास दोन्ही बिघडवले. एकही शब्द मऊ केला नव्हता. तो आतल्या पानावर आला, पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी. दुसऱ्या पेपरांनी चवीनं उचलला. कारखान्याच्या वकिलानं व्हायची तेवढी ओरड केली. पण बापाची सही खोडता येईना.

टाकी उपसायला पंप लावला तेव्हा कारखान्याच्या मागच्या आवारात गर्दी जमली होती. पोलिसांनी दोरी बांधली होती. पत्रा बाजूला काढून ठेवला होता; मधोमध तो खाली वाकलेला होता आणि एका कडेला नवाकोरा रंग दिलेला होता. पाणी काळसर निळं होतं. ते जसजसं खाली जाई तसतशी भिंतींवर वेगवेगळ्या रंगांची रेघ उमटे. वास असा होता की माणसं नाकाला फडकी धरून उभी होती.

पाणीवाली कडेला पंपापाशी उभी होती. गर्दीत सरकता सरकता ती दोरीच्या आत कधी आली, तिला समजलं नव्हतं. समोर, टाकीच्या पलीकडं, म्हातारी नवऱ्याच्या दंडाला धरून उभी होती. तिला काय सांगून आणलं होतं, कोण जाणे. ती पाण्याकडं पाहत होती.

दुसऱ्या कुठल्यातरी पेपरचा बातमीदार घाईघाईनं पाणीवालीपाशी आला. तिचा चेहरा त्याला माहीत नव्हता.

"तुम्ही घरच्यांपैकी का?" त्यानं वही सरसावली. "मुलीच्या कोण तुम्ही?"

आवाज मोठा होता. पलीकडं म्हातारीनं मान वर केली.

"कोणी नाही," पाणीवाली म्हणाली, आणि वाकून दोरीखालून बाहेर आली.

थोड्या वेळानं टाकीत उतरलेल्या माणसांनी हात वर केला. त्यांनी जे वर आणलं ते चादरीत होतं, आणि चादर भराभर निळी होत गेली. फौजदारांनी बापाला पुढं बोलावलं. त्याचे पाय उचलेनात. मग म्हातारीनंच त्याचा हात सोडवला आणि एकटी चालत गेली. ती खाली बसली. चादरीचं एक टोक तिनं उचललं, आत पाहिलं, आणि तसंच धरून राहिली. तिनं एकदा मान वळवून दोरीपलीकडं उभ्या असलेल्या बाईकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुन्हा चादरीखाली पाहिलं.

"हीच," ती फौजदारांना म्हणाली. "हीच माझी ठकू."

टाकी केव्हाच कोरडी पडली होती. पण पंप तसाच चालू होता, नुसती हवा ओढत, घशात काही अडकल्यासारखा घरघरत. कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.

म्हातारीनं चादरीवरचे हात उचलले नाहीत. दोरीपलीकडं, पंपाजवळ उभ्या असलेल्या त्या बाईला ती म्हणाली, "बाई, तेवढं ते बंद करता का?"

पाणीवालीनं दोरीवरून वाकून बटण दाबलं.

आवार शांत झालं.